मोरशिखेचं माहेर

उमापूरहून मी तुमच्या बचत गटाची ताई बोलतेय. दरवेळी आपण व्याज, बँक, शेळ्या, शिलाई मशीन यावर बोलतो. आज एका वीतभर झाडाचा इतिहास सांगणार आहे. झाडाचा कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण या झाडाची आणि माझी ओळख गटाच्या कर्जाच्या रजिस्टरातूनच झाली, म्हणून ऐका.

गटातली एक सून, लग्नाला चार वर्षं झालेली, दोन हजाराचं कर्ज मागायला आली. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘घरखर्च’. तिनं सांगितलं तेच लिहिलं. दोन महिन्यांनी हप्ता चुकला, म्हणून मी घरी गेले. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, “ताई, घरखर्च नव्हता तो. जत्रेत एक जडीबुटीवाला होता. सासूबाईंनी त्याच्याकडून पुडी घेतली. मोरशिखा म्हणे. दुधातून घ्यायची, तीन महिने.” पुडी तिनं कणगीमागून काढून दाखवली. हिरवट-करडी भुकटी. वास नाही, चव नाही. मूल होण्यासाठी होती, आणि झालंच तर मुलगाच व्हावा यासाठी.

मी विचारलं, “कशाची भुकटी आहे, पाहिलीस का?” ती म्हणाली, “मोरशिखेची.” “मोरशिखा कशी असते?” ते तिला माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही माहीत नव्हतं. मी बी.ए. झालेली बाई, रजिस्टरात सगळं नीट लिहिते, पण ज्या गोष्टीवर गटाचे दोन हजार गेले ती डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले.

आमच्या शेजारच्या आजीनं ती दाखवली. जुन्या दगडी विहिरीत, पायऱ्यांच्या बाजूला, दोन दगडांच्या फटीत. पावसाळा होता. आजी म्हणाली, “ही बघ, हीच ती. लहानपणी आम्ही बाहुलीच्या घरात ताडाचं झाड म्हणून लावायचो.” आणि खरंच, बोटभर उंचीचं ताडाचं झाडच! बारीक ताठ देठ, त्याच्या टोकाला पंख्यासारखं पान. पानाच्या पट्ट्या एकीतून दोन, दोनातून चार अशा फुटत गेलेल्या. एका बुडख्यातून अशी दहा-पंधरा पानं वर आलेली. सगळं मिळून वीतभर.

तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना मी ते पान वहीत घालून नेऊन दाखवलं. त्यांनी भिंग दिलं, दोन जुनी पुस्तकं दिली आणि म्हणाले, “हे फुलझाड नाही. हे नेचं आहे.” नेचं म्हणजे कोकणात, महाबळेश्वराकडं ओढ्याकाठी झालरीसारख्या पानांची झाडं असतात ना, त्यांच्यातलं. त्यांना फूल येत नाही, फळ येत नाही, बी येत नाही. आपल्या बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात नेची फार थोडी. पण हे एक इथं टिकलं. उन्हाळ्यात त्याची पानं वळून आत मिटतात, मेल्यासारखी दिसतात. पाऊस पडला की पुन्हा उलगडतात. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता त्याची नावं बघा. संस्कृतात मयूरशिखा, म्हणजे मोराच्या डोक्यावरचा तुरा. बोलण्यात मोरशिखा. मराठीत दुसरं नाव भुईताड, जमिनीसरशी असलेला ताड. आणि शास्त्रातलं नाव ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत किरणाला ‘ॲक्टिस’ म्हणतात आणि नेच्याला ‘टेरिस’. म्हणजे किरणांचं नेचं. रेडिएटा म्हणजेही किरणांसारखं पसरलेलं. एकाला मोर दिसला, एकाला ताड दिसला, एकाला सूर्य दिसला. झाड एकच.

पण इथंच पहिली गफलत आहे. झाड एक आणि नावं तीन, एवढंच असतं तर चाललं असतं. उलटंही आहे. नाव एक आणि झाडं तीन! मयूरशिखा म्हणून कुठं हे नेचं देतात, कुठं हंसराजाच्या जातीचं दुसरं नेचं देतात, आणि कुठं चक्क आपल्या परसातला कोंबडा, तो लाल तुऱ्याचा, गौरी-गणपतीला आपण वाहतो तो. मोराचा तुरा कोणालाही कशातही दिसू शकतो. जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांतली मयूरशिखा नेमकी कोणती, यावर वैद्यांमध्येच एकमत नाही. मग पुडीत कुटून भुकटी केलेली मोरशिखा कोणती, हे जत्रेतल्या माणसाला तरी सांगता येईल का? आणि भुकटी केल्यावर आपल्याला ओळखू येईल का?

म्हणून नावाचं शास्त्र निघालं. त्याची गोष्ट आता सांगते.

स्वीडन देशात लिनियस नावाचे वनस्पतींचे पंडित होऊन गेले. १७५३ साली त्यांनी एक मोठं पुस्तक काढलं आणि प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं नाव दिलं. पहिला शब्द घराचा, आपल्या आडनावासारखा. दुसरा त्या झाडाचा स्वतःचा, आपल्या पाळण्यातल्या नावासारखा. आडनावाच्या शब्दाला शास्त्रात प्रजाती म्हणतात. सारख्या झाडांच्या अनेक प्रजाती मिळून एक कुळ होतं. लिनियसनी जगातल्या झाडांचे चोवीस वर्ग पाडले, तेही फुलं बघून. फुलात पुंकेसर किती, कसे, यावरून. त्यांच्या लेखी फूल म्हणजे झाडाचं लग्नघर होतं.

पण ज्याला फूलच नाही त्याचं काय करायचं? नेची, शेवाळं, बुरशी यांची लग्नं कुठं लागतात ते दिसेना. मग त्यांनी या सगळ्यांना शेवटच्या, चोविसाव्या वर्गात टाकलं आणि त्या वर्गाला नाव दिलं ‘क्रिप्टोगॅमिया’. याचा अर्थ काय, माहीत आहे? गुप्त विवाह. चोरून लागलेलं लग्न! मला हे वाचून हसू आलं, आणि लिनियसबद्दल आदरही वाटला. दिसत नाही म्हणून त्यांनी झाडाला वांझ म्हटलं नाही. लग्न लागतंय, पण मला दिसत नाही, असं म्हटलं.

गावोगावच्या लोकांनी मात्र आपापल्या परीनं अर्थ लावला. युरोपातले जुने लोक म्हणत, नेच्याला बी असतंच, पण ते अदृश्य असतं. उन्हाळ्यातल्या एका ठराविक रात्री ते गोळा करून जवळ ठेवलं की माणूसही अदृश्य होतो. आपल्याकडच्या लोकांनी त्याच्या गुप्तपणातून औषध काढलं. दोन्हीकडं कारण एकच. डोळ्याला दिसलं नाही की मन गोष्ट रचतं.

खरं उत्तर पानाच्या पाठीमागं होतं.

तुम्ही कधी नेच्याचं पान उलटं करून पाहिलंय का? वरून हिरवंगार पान, आणि खालून तपकिरी ठिपके किंवा रेघा. पुष्कळ बायकांना वाटतं रोग पडलाय, कीड लागलीय. ती कीड नाही. त्या प्रत्येक ठिपक्यात बारीक बारीक पिशव्या असतात आणि पिशवीत पिठासारखी भुकटी. त्या कणाला बीजाणू म्हणतात. १७९४ साली जॉन लिंडसे नावाच्या एका डॉक्टरांनी छापून आणलं की ही भुकटी ओल्या मातीवर पेरली तर तिच्यातून नेचं उगवतं. ते जमैका बेटावर काम करत होते. म्हणजे बीचं काम करणारी वस्तू सापडली. पण लग्नाचं कोडं सुटलं नव्हतंच.

ते सुटलं १८४८ साली. सुमिन्स्की नावाच्या पोलंडच्या एका सरदाराला दिसलं की बीजाणूतून थेट नेचं उगवत नाही. आधी नखाएवढं, हृदयाच्या आकाराचं एक पातळ हिरवं पान जमिनीला चिकटून वाढतं. त्याच्या खालच्या अंगाला नर आणि मादी असे दोन्ही अवयव असतात. पावसाच्या पाण्याचा पातळ थर असला की नराचे कण त्यातून पोहत मादीच्या अवयवापर्यंत जातात. तिथं गर्भ धरतो आणि त्यातून आपल्याला दिसतं ते नेचं उभं राहतं. म्हणजे एका झाडाचे दोन जन्म. एक नखाएवढा, कोणाच्या नजरेत न भरणारा, ज्यात लग्न लागतं. दुसरा मोठा, पानांचा, ज्यात बीजाणू तयार होतात.

१८५१ साली जर्मनीतल्या विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी शेवाळांपासून मोठ्या झाडांपर्यंत ही दोन जन्मांची रीत कशी चालते ते एका पुस्तकात मांडलं. हे हॉफमाइस्टर कॉलेजात शिकलेले नव्हते. वडिलांच्या पुस्तक-प्रकाशनाच्या धंद्यात काम करायचे. डोळ्यांनी इतके अधू की वस्तू नाकाजवळ धरावी लागे. पहाटे उठून, धंद्याची वेळ होण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. पुढं १८६३ साली हायडलबर्गच्या विद्यापीठानं त्यांना प्राध्यापक केलं. आपल्या गटात ‘आम्ही अडाणी’ म्हणणाऱ्या मावश्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, पण नीट बघायची सवय होती.

आणि म्हणून आपल्या विहिरीतलं नेचंही ओल असेल तिथंच सापडतं. त्याच्या लग्नाला पाणी लागतं. चार-सहा पावसांत ते उरकावं लागतं आणि मग वर्षभर मिटून बसावं लागतं.

आता आपल्या मोरशिखेच्या आडनावाकडं येऊ. लिनियसच्या काळी नेच्यांची घरं ठरवायची एक सोपी रीत होती. पान उलटं करा आणि ठिपके बघा. गोल ठिपके असतील तर एक घर, पॉलिपोडियम. पानाच्या काठानं रेघ असेल तर दुसरं, टेरिस. पानाच्या मधे लांबट रेघा असतील तर तिसरं, ॲस्प्लेनियम. आणि पानाची सगळी पाठच भुकटीनं भरली असेल तर चौथं, ॲक्रोस्टिकम. रीत साधी आहे, आपणही करू शकतो. पण मोरशिखेनं या रीतीला चकवलं. तिच्या पानाच्या पट्ट्या इतक्या बारीक की काठाची रेघ कोणती आणि मधली कोणती, ते चटकन कळत नाही. पट्टीचे दोन्ही काठ आत मुडपलेले असतात, पदराची किनार आत दुमडावी तसे, आणि त्या दुमडीखाली बीजाणूंच्या रेघा झाकलेल्या असतात.

लिनियसचे एक शिष्य होते, कोनिग. ते १७६८ साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला आले आणि १७८५ साली वारले तोवर भारतातच झाडं गोळा करत राहिले. हे नेचं शास्त्राच्या दारात नेणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. पुढं स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्झ यांनी १८०१ साली त्याचं नाव छापलं, ॲस्प्लेनियम रेडिएटम. म्हणजे मधल्या रेघावाल्यांच्या घरात घातलं. चाळीस वर्षं ते तिथं नांदलं. मग १८४१ साली बर्लिनच्या बागेचे प्रमुख हाइनरिख लिंक यांनी त्या बागेतल्या नेच्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हटलं, हिचं घर हे नव्हे. पंख्यासारखं पान, आत मुडपलेले काठ, ही सगळी लक्षणं वेगळी आहेत. त्यांनी तिच्यासाठी नवीन घर उभं केलं, ॲक्टिनिऑप्टेरिस. गंमत अशी की १८४१ साली नेच्याचं लग्न कसं लागतं हे कोणालाच माहीत नव्हतं. सुमिन्स्कीचा शोध त्यानंतर सात वर्षांनी लागला. पण लक्षणं नीट पाहिल्यामुळं लिंक यांनी दिलेलं आडनाव आजपर्यंत टिकलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐका. झाडाचं घर बदललं तरी त्याचं पाळण्यातलं नाव बदलायचं नाही, असा शास्त्रात नियम आहे. ‘रेडिएटम’चं व्याकरणानं ‘रेडिएटा’ झालं एवढंच, पण नाव राहिलं. आणि दुसरा नियम असा की पहिलं नाव ज्यानं ठेवलं त्याचं नाव पुसायचं नाही. ते कंसात लिहायचं. म्हणून पुस्तकात या झाडाच्या नावापुढं कंसात स्वार्ट्झ आणि कंसाबाहेर लिंक लिहिलेलं असतं. म्हणजे सासरी गेली तरी तिचं माहेर कागदावर कायम! पुढं कोणी विचारलं, ही आधी कुठली, कोणी पाहिली, काय बघून नाव ठेवलं, तर धागा धरून मागं जाता येतं.

मैत्रिणींनो, आपल्यात किती जणींची नावं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं बदलली! शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर एक, रेशनकार्डावर तिसरंच. बँकेत खातं उघडताना आपली किती फरफट होते, ते मी दर महिन्याला बघते. एका वीतभर नेच्याचं माहेरचं नाव जपायची सोय माणसांनी केली. आपल्यासाठी ती करायला कोणाला सुचली नाही.

हे घर पुढंही तपासलं गेलं. १९६२ साली इटलीचे पिची सर्मोली यांनी या एका प्रजातीवर मोठा लेख लिहिला. आफ्रिका, अरबस्तान, मादागास्कर, भारत, श्रीलंका इथली सगळी भावंडं एकत्र मांडली. ही मोजून पाच-सहाच आहेत. हिचं कुणाशी फारसं जुळत नाही, असं म्हणून त्यांनी हिला स्वतःचं वेगळं कुळच दिलं. एका प्रजातीचं एक कुळ. वाळीत टाकल्यासारखंच म्हणा ना.

पण तोवर बघायची साधनं बदलत होती. यात एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. आयरीन मँटन, इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी नेच्यांच्या पेशींत शिरून गुणसूत्रं मोजली. गुणसूत्रं म्हणजे आई-बापाकडून येणारे गुण ज्या धाग्यांवर असतात ते धागे. कोणतं नेचं कोणाच्या नात्यातलं आणि कोणतं दोन जातींच्या संकरातून झालेलं, हे त्यातून उमगायला लागलं. त्यांचं मोठं पुस्तक १९५० साली आलं. लिनियसच्या नावानं लंडनमध्ये एक संस्था आहे, १७८८ सालची. तिथं स्त्रियांना सभासद म्हणून पहिल्यांदा निवडलं ते १९०४ साली. त्याच वर्षी मँटनबाई जन्मल्या. आणि १९७३ साली त्या त्याच संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

नंतर पेशीतल्या डीएनएवरून नाती जुळवण्याचं तंत्र आलं. २०१६ साली जगभरातल्या नव्वदहून जास्त अभ्यासकांनी मिळून नेच्यांची नवी वर्गवारी मांडली. एकट्या पंडितानं नाही, गटानं! मोरशिखेला तिथं एकटं ठेवलं नाही. काठावर रेघ असणाऱ्या टेरिसच्या कुळात तिला घेतलं. आणि त्याच कुळात आणखी कोण आहे, सांगू? हंसराज. तोच, काळ्या चकचकीत देठाचा, विहिरीच्या ओल्या भिंतीवर लोंबणारा. आजीनं दाखवलेल्या विहिरीत मोरशिखेच्या खाली दोन हातांवर हंसराजही होता. दोघं शेजारी म्हणून राहत होते. ते एकाच कुळातले आहेत, हे पानाच्या पाठीवरून सुरू झालेला शोध पेशीपर्यंत गेल्यावर ठरलं.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालंय. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डी’आल्मेडा यांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक छापलं. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, इलाख्याबाहेर. पुढं १९९८ साली औरंगाबादच्या वि. ना. नाईक सरांनी मराठवाड्याच्या वनस्पतींवर दोन मोठे ग्रंथ काढले. पण ते फुलं येणाऱ्या झाडांचे. फूल नसलेल्यांना त्यात जागा नव्हती. म्हणून सांगते, आपल्या शिवारातल्या विहिरी, बारवा, पडक्या गढ्या, देवळांच्या ओट्याच्या फटी बघायचं काम अजून बाकी आहे. आणि विहिरीच्या पायरीवर रोज जाणारं माणूस म्हणजे बाईच.

आता पुन्हा त्या पुडीकडं येते. मोरशिखेबद्दल लोकांत काय काय समज आहेत ते मी विचारत गेले, सरांच्या पुस्तकांतही पाहिलं. कुठं जखमेचं रक्त थांबवायला देतात, कुठं जंतांवर देतात. कुठं मूल व्हावं म्हणून देतात. आणि कुठं? मूल होऊ नये म्हणून देतात! एकच झाड, एकीला मूल व्हावं म्हणून आणि दुसरीला होऊ नये म्हणून. त्यात नाव एक आणि झाडं तीन. त्यात भुकटी. आता सांगा, त्या पोरीच्या दुधात तीन महिने काय पडत होतं? मला माहीत नाही, तिला माहीत नाही, आणि विकणाऱ्याला माहीत असायची गरजच नव्हती, कारण पैसे त्याला आधीच मिळाले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्त्रीचं वंध्यत्व बरं करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. आणि मुलगाच होईल असं औषध कुठल्याच झाडात नाही, कुठल्याच पुडीत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या फक्त ८०७. मुलाच्या हौसेची किंमत कोण मोजतं, ते या आकड्यात आहे.

त्या सुनेबद्दल सांगते. मी सासूबाईंपाशी बसले. भांडले नाही. विहिरीतलं पान नेलं होतं. ते उलटं करून भिंगातून दाखवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, तुम्हाला सांगितली तशीच. त्यांनी बराच वेळ भिंग डोळ्याला लावून ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हंजी फूल न्हाई दिसत म्हणून झाड वांझ न्हाई.” मी म्हटलं, “नाही आत्याबाई. बघणाऱ्यानं नीट बघितलं नव्हतं, एवढंच.” त्या गप्प झाल्या. पुढच्या आठवड्यात पोरगा आणि सून दोघं सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले. दोघं, हे महत्त्वाचं. तपासणीत काय निघालं ते मी सांगणार नाही, ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे. पुडी कणगीमागून निघाली आणि उकिरड्यावर गेली. कर्ज तिनं आठ हप्त्यांत फेडलं.

मीही एक गोष्ट बदलली. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात आता ‘घरखर्च’ एवढंच लिहीत नाही. दार लावून, एकटीला बसवून विचारते, “काय गं, नेमकं कशासाठी?” पुष्कळदा खरं कारण वेगळंच निघतं. जे निघतं ते तिच्या मर्जीनं लिहिते, किंवा नुसतं ऐकून घेते. पण विचारल्याशिवाय नाव देत नाही.

जाता जाता तीन कामं सांगते. पहिलं, येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या जुन्या विहिरीत किंवा देवळाच्या भिंतीत हे नेचं शोधा. पाय जपून टाका, शेवाळं निसरडं असतं. दुसरं, सापडलं तर उपटू नका. एक पान हळूच उलटं करा, काठाची दुमड बघा, लेकी-सुनांना दाखवा. फटीतला बुडखा गेला तर पुन्हा तिथं यायला बीजाणू, ओल आणि नशीब, तिन्ही लागतं. तिसरं, भुकटी करून विकलेल्या कुठल्याही औषधाला विचारा, तुझं नाव काय आणि तुझं माहेर कुठलं. उत्तर आलं नाही तर पदराची गाठ सोडू नका.

आणि कोणाला मूल नसेल तर तिला कुठलंही नाव ठेवण्याआधी मोरशिखेचं पान आठवा. उन्हाळ्यात मिटलेलं असतं, म्हणून ते वाळलेलं नसतं.

पुढच्या वेळी नेहमीसारखं बँकेच्या कागदांवर बोलू. आधार आणि दाखल्यावरच्या नावांचा घोळ कसा मिटवायचा, तोच विषय घेऊ. तोवर नमस्कार.